रूमीची ओळ खोटी निघाली, आता बाबांच्या वर्षश्राद्धाला काय वाचू?

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देतेय.)

"ताई, मी बत्तीस वर्षांची, पुण्यात आयटीत आहे. मागच्या वर्षी बाबा गेले. किडनीचं दुखणं, शेवटचे चार महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिस. तिथल्या बाकड्यावर बसून मी मोबाईलवर रूमी या जुन्या फारसी कवीचे कोट्स वाचायचे, त्यातली एक ओळ अजून माझा वॉलपेपर आहे: 'जखम हीच ती जागा, जिथून उजेड तुझ्या आत येतो.' पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. जेवणं झाली की बाबांबद्दल थोडं बोलायचं ठरलंय, तर मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं की मी ही ओळ वाचणार. चुलतभावाने दहा मिनिटांत लिंक टाकली की ही ओळ रूमीची नाहीच, कुणा अमेरिकन माणसाची आहे आणि त्याला फारसी येतही नव्हती. आत्या (संभाजीनगरला असते, हरिपाठ कधी चुकवत नाही) म्हणाली, आपले ज्ञानोबा-तुकोबा संपले का, की श्राद्धाला हे परक्यांचं आणायचं. नवरा म्हणतो आठशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आपले ईएमआय नि अप्रेझल काय कळणार, सोड ना. मला फसल्यासारखं झालंय, त्या ओळींवर रडले ते पण खोटंच का, असं वाटतं. बाबा तसे देवधर्मातले नव्हते, एसटीत होते, पण रोज सकाळी चहाचा पहिला कप विठोबाच्या फोटोपुढे धरून 'घे रे, आज साखर कमी आहे' म्हणायचे आणि मग स्वतः प्यायचे. ते गेल्यापासून ते बंदच झालं. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मी जागीच असते, तेच कोट्स वाचत. श्राद्धाला वाचू का नको? आणि हे सगळंच सोडून देऊ का? (मला तू म्हटलंत तरी चालेल.)"

अगं, तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी माझा कुकर लावायचा राहिला, मी ती ओळ शोधत बसले होते. मी काही फारसीची पंडित नाही हं, निवृत्त झाल्यावर अक्षरं गिरवली आणि आता कोश मांडीवर घेऊन दिवसाला दोन-तीन बैत (म्हणजे दोन ओळींच्या जोड्या) वाचते, तेही अडखळत. पण तेवढ्यावरसुद्धा तुझ्या वॉलपेपरचं गाव सापडलं.

आधी भावाचं. भाऊ बरोबर आहे, पण अर्धाच. त्या अमेरिकन माणसाचं नाव कोलमन बार्क्स, स्वतः कवी, त्यांना फारसी येत नव्हती हे खरं आणि त्यांनी ते कधी लपवलंही नाही. 1976 मध्ये रॉबर्ट ब्लाय नावाच्या कवीने त्यांच्या हातात रूमीचे जुने, विद्वानी थाटाचे इंग्रजी अनुवाद ठेवले आणि या कवितांना पिंजऱ्यातून सोडवा असं सांगितलं. मग बार्क्सनी त्या अनुवादांवरून मोकळ्याढाकळ्या इंग्रजी कविता केल्या, 1995 मध्ये त्यांचं मोठं पुस्तक आलं, ते तुफान खपलं, आणि आज मोबाईलवर रूमीच्या नावाने जे फिरतं त्यातलं बरंचसं तिथून आलंय, आणि तेही कापून कापून.

आता तुझी ओळ. रूमीची मसनवी म्हणून जी प्रचंड कविता आहे, सहा दफ्तरं म्हणजे खंड, साधारण पंचवीस हजार बैत, तिच्या पहिल्या दफ्तरात एक जागा आहे. तिथे रूमी म्हणतो, जखमेवर माश्या इतक्या बसतात की खालची घाण कुणाला दिसतच नाही. माश्या म्हणजे तुझे विचार, तुझा मालमत्तेचा हव्यास. मग कुणी जाणता पीर येऊन त्यावर मलम लावतो, ठणका थांबतो, आणि तुला वाटतं झालं, बरी झाली जखम. नाही, म्हणतो रूमी, तो मलमाचा प्रकाश पडलाय त्या जागेवर. मलमाकडे पाठ फिरवू नकोस आणि मी माझ्या प्रकृतीनेच बरा झालो असं समजू नकोस.

वाचलंस ना नीट? मूळ जागी उजेड जखमेतून शिरत नाही. तो मलमातून पडतो, आणि मलम लावणारा दुसरा कुणीतरी असतो.

मला हे वाचून खरं तर आनंदच झाला, कारण वॉलपेपरवरची ओळ छान आहे पण थोडी एकटी आहे. तुला जखम झाली, तुझ्यातच उजेड आला, संपलं, बाकी कुणाची गरजच नाही. मूळ ओळीत माणसं आहेत. (शब्दसुद्धा बघ, जखम फारसीतून आपल्याकडे आलेली आणि मलम म्हणजे त्यांचं मर्हम.) म्हणून भावाची लिंक बाजूला ठेव आणि मला सांग, त्या चार महिन्यांत मलम कुणी लावलं? बाकड्यावर शेजारी कोण बसायचं, डबा कोण आणायचं, रात्री दोन वाजता फोन कुणी उचलला? हे कागदावर लिहून काढ. श्राद्धाच्या दिवशी बोलायला यातलं बरंच उपयोगी पडेल असं मला वाटतं.

आणि रडलीस ते खोटं का, हा प्रश्नच मला कळला नाही बाई. तू रडलीस बाबांसाठी. त्या वेळी समोर रूमी होता की साबणाची जाहिरात, त्याने तुझ्या रडण्यात काय फरक पडतो?

पण एक कबूल करायला हवं की सगळ्या खोट्या ओळी एकसारख्या खोट्या नसतात आणि हे तुझ्यासारख्या बाकीच्यांनाही उपयोगी पडेल म्हणून जरा थांबून सांगते. काही ओळी बार्क्ससारख्या, मुळात काहीतरी आहे पण रस्त्यात बरंच सांडलंय. चूक आणि बरोबरच्या पलीकडे एक मैदान आहे, तिथे भेटू, ही ओळ तू नक्की वाचली असशील, लग्नपत्रिकांवरसुद्धा असते हल्ली. मूळ रुबाईची, म्हणजे चार ओळींच्या कवितेची सुरुवात 'अज़ कुफ़्र ओ ज़ इस्लाम बिरून सहराईस्त', म्हणजे कुफ्र (इस्लाम न मानणं) आणि इस्लाम दोन्हींच्या बाहेर एक वाळवंट आहे. आता विचार कर, तेराव्या शतकात कोन्याच्या (आताच्या तुर्कस्तानातलं गाव) मदरशात धर्मशास्त्र शिकवणारा माणूस हे म्हणतोय! त्यातला धर्म काढून 'चूक-बरोबर' घातलं की ओळ सगळ्यांना चालते, कुणाला टोचत नाही, पण त्या माणसाने केवढी उडी मारली होती ते दिसेनासं होतं. दुसऱ्या प्रकारच्या ओळी जुन्याच पण भलत्याच्या नावावर चढलेल्या, 'ये, ये, तू कुणीही असलास तरी ये' ही रूमीच्या नावाने जगभर फिरणारी रुबाई त्याच्या जुन्या हस्तलिखितांत नाही, ती त्याच्या आधीच्या अबू सईद अबुलखैरच्या नावावर सांगतात. आणि तिसरा प्रकार सरळ सरळ बनवलेल्यांचा. सूर्य पृथ्वीला कधी म्हणत नाही की तू माझं देणं लागतेस, ही हाफिज या दुसऱ्या जुन्या फारसी कवीची म्हणून फिरते ना, ती त्याच्या दिवाणात, म्हणजे काव्यसंग्रहात, कुठेच नाही. डॅनियल लॅडिन्स्की नावाच्या अमेरिकन लेखकाची आहे ती, 1999 च्या त्यांच्या पुस्तकातली.

ओळखायची सोपी युक्ती, पत्ता विचारायचा. मसनवीतली असेल तर कितवं दफ्तर, गझल असेल तर पहिली ओळ काय. पत्ता नसेल तर आवडली तर ठेवा, पण खाली रूमीचं नाव घालू नका. फारसी येत असेल किंवा कुणी वाचून देणारं असेल तर 'गंजूर' नावाच्या साइटवर हे सगळे कवी मूळ भाषेत फुकट आहेत. इंग्रजीतून वाचायचं असेल तर निकल्सनचा 1925 ते 1940 मध्ये निघालेला अनुवाद जड आहे पण शब्दाला धरून आहे, आणि वाचायला सुखाचा म्हणशील तर जावीद मोजद्देदींचा, ते मूळ फारसीवरून करतात आणि पद्यात करतात.

आता यावरून तू 'अस्सल तेवढंच वाचीन' अशी प्रतिज्ञा करशील म्हणून आधीच सांगते, अस्सलचंही फार करू नकोस. मसनवीची अगदी पहिली ओळ, बासरीची, तिचेच दोन पाठ आहेत. इराणात शाळेपासून पाठ असते ती 'बिश्नौ अज़ नै', बासरीकडून ऐक. रूमी गेल्यावर पाचच वर्षांनी म्हणजे 1278 मध्ये लिहिलेलं कोन्याचं हस्तलिखित आहे, त्यात 'बिश्नौ ईन नै', ही बासरी ऐक, आणि पुढे शिकायत (तक्रार) नि हिकायत (गोष्ट) या दोन शब्दांच्या जागाही उलट्या. आणि खुद्द कोन्यातली माणसं? त्यांची भाषा तुर्की. दर 17 डिसेंबरला त्याच्या पुण्यतिथीला तिथे केवढा सोहळा असतो, तिचं नाव 'शेब-ए-अरूस' म्हणजे लग्नाची रात्र, कारण मरण म्हणजे प्रियाची भेट. पण त्यांच्याच गावात पुरलेल्या कवीला तिथली बहुतेक माणसं अनुवादातूनच वाचतात. त्यांना कुणी खोटं म्हणत नाही.

नवऱ्याच्या मुद्द्यावर मी फार वेळ घालवणार नाही. ईएमआय त्याला कळला नसता हे खरंच. पण थोडं बघ हा माणूस कोण होता. 1207 चा जन्म, बल्खकडचा, लहानपणीच घर सुटलं, मागोमाग मंगोल आले आणि ते सगळे प्रदेशच उद्ध्वस्त झाले. बाप बरोबर, गावोगाव फिरत शेवटी कोन्यात, जिथे रस्त्यावर तुर्की आणि ग्रीक ऐकू येणार आणि घरात फारसी. रूमी हे तर नावसुद्धा नाही त्याचं, रूम म्हणजे तो मुलूख, तिकडचा म्हणून रूमी. अफगाण लोक त्याला बल्खी म्हणतात, इराणी मौलवी, तुर्क मेवलाना. मग 1244 मध्ये शम्स नावाचा तबरेझचा फकीर त्याला भेटला आणि चारेक वर्षांत तो माणूस नाहीसाच झाला. गेला, पळाला, मारला, काही कळलं नाही. रूमी त्याला शोधत दमास्कसपर्यंत जाऊन आला आणि मग हजारो गझला लिहिल्या आणि खाली शम्सचं नाव घातलं. तुला निदान तारीख माहितेय गं, तिथी माहितेय, श्राद्ध करता येतंय. त्याला तेही नव्हतं. नवऱ्याला सांग, अप्रेझलसाठी नाही वाचत मी.

आणि हे जुनं म्हणून कपाटात गेलेलं वगैरे अजिबात नाही. इराणात वर्षातली सगळ्यात मोठी रात्र असते, यल्दा, डाळिंबं नि कलिंगड मधे ठेवून घर जागतं आणि आजोबा किंवा कुणी मोठं माणूस हाफिजचा दिवाण उघडतं. मनात प्रश्न धरायचा, पान उघडेल ती गझल म्हणजे उत्तर. शीराजला त्याच्या कबरीपाशी लोक दगडावर बोटं टेकवून उभे असतात, ओठ हलत असतात. आणि रस्त्यावर फाल म्हणजे भविष्य विकणारे असतात, पिंजऱ्यातला पक्षी चोचीने पाकीट काढून देतो, आत हाफिजच्या ओळी. आपल्या पोपटवाल्याचा सख्खा भाऊ! फरक एवढाच की तिथे पोपट गझल काढतो.

आता आत्या. इथे मला जास्त बोलायचंय, कारण पत्रभर तू भावाशी भांडतेस पण तुला लागलंय ते आत्याचं.

परक्यांचं म्हणतात त्या, तर खरी गंमत अशी आहे की या घरांचं जाणं-येणं फार जुनं आहे. मसनवीत सिंह आणि सशाची गोष्ट आहे, विहिरीत स्वतःचं प्रतिबिंब बघून उडी मारणारा सिंह, तीच आपली पंचतंत्रातली. ती इराणात गेली, पहलवी या तिथल्या जुन्या भाषेत झाली, मग अरबीत कलीला-दिम्ना म्हणून, आणि रूमी स्वतः तिथे कलीलाचं नाव घेतो. अंधाऱ्या खोलीतला हत्ती आहे, कुणी सोंड चाचपतो कुणी पाय, आणि रूमी म्हणतो तो हत्ती दाखवायला हिंदूंनी आणला होता. हाफिजला तर चक्क दख्खनचं आमंत्रण होतं, बहमनी सुलतान महंमदशहाच्या दरबारातून वाटखर्च गेला होता, हाफिज हुर्मुझ बंदरापर्यंत आला, जहाजात चढला, वादळ सुटलं, हा उतरला तो उतरलाच, आणि सुलतानाला गझल पाठवून दिली की शंभर मोत्यांसाठीसुद्धा हे तुफान परवडत नाही. ही गोष्ट सांगितलीय फिरिश्ताने, जो लहानपणी बापाबरोबर आपल्या नगरला निजामशाहीत आला आणि पुढे विजापूरला बसून इतिहास लिहिला. आणि तुझ्या आत्या संभाजीनगरच्या म्हणजे खुलताबादला भद्रा मारुतीला जातच असतील. त्याच गावात अमीर हसन सिज्झीची कबर आहे, अमीर खुसरोचा मित्र, फारसीतला मोठा कवी. श्रीगोंद्याचे शेख महंमद तर त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत असतील, 'शेख महंमद अविंध, त्याचे हृदयी गोविंद'. आणि फारसीचा प्राध्यापक असलेल्या आपल्या माधव ज्युलियनांनी 1925 मध्ये फार्शी-मराठी कोश केला, खय्यामच्या रुबाया मूळ फारसीवरून मराठीत आणल्या. रूमी गेला 1273 ला, ज्ञानेश्वर जन्मले 1275 ला. रूमी आपल्या हुसामुद्दीन या शिष्याला मसनवी सांगतोय आणि तो लिहून घेतोय, थोड्याच वर्षांनी नेवाशाला सच्चिदानंदबाबा ज्ञानेश्वरी लिहून घेतायत. मला हे चित्र फार आवडतं, उगाचच.

पण यातलं एक अक्षर आत्यांना ऐकवू नकोस! ग्रुपवर तर मुळीच नको. कारण मला नाही वाटत त्यांचं भांडण रूमीशी आहे. त्यांचा भाऊ गेलाय गं. वर्षाने सगळे जमणार, भाचीसारखी भाची उभी राहणार, आणि तिच्या तोंडून भावाचं काही ऐकायला मिळेल म्हणून त्या संभाजीनगरहून येणार, आणि भाची मोबाईल काढून इंग्रजीतली एक ओळ वाचणार. मीही रुसले असते. तुकोबांची ओळ तशीच वाचलीस तरी रुसले असते.

तू पत्रात विचारलंस रूमी वाचू की नको. मला वाटतं तू बाबांबद्दल बोलायला घाबरतेयस आणि म्हणून कुणाची तरी तयार ओळ शोधतेयस. चूक नाही, पण बघ एकदा तपासून.

तुला काय सुचवावं म्हणून मी आधी मसनवीतली हरभऱ्याची गोष्ट काढली होती. काबुली चणे पातेल्यात उकळतायत, एक चणा उड्या मारत काठापर्यंत येतो आणि ओरडतो की मला विकत आणलंस ते जाळायला का? आणि बाई त्याला डावाने खाली दाबते, म्हणते, मी काही तुझ्यावर रागावून नाही उकळत, तुला चव यावी म्हणून उकळतेय. फार सुंदर लिहिलीय, बाई आणि चण्याचं बोलणं अगदी स्वयंपाकघरातलं आहे. पण मग तुझ्या आईचा विचार आला. जिने चार महिने त्या सुया बघितल्या तिच्यासमोर उभं राहून 'दुःखाने माणूस शिजतो' म्हणायचं? नको. आणि हे मी सगळ्याच वाचणाऱ्यांना सांगते, मला अशी पत्रं आलीत की नवरा मारतो पण ताई, दुःखच आपल्याला घडवतं ना. ही गोष्ट चण्याने स्वतःच्या मनाशी म्हणायची आहे. डाव ज्याच्या हातात आहे त्याने किंवा शेजारी बसून बघणाऱ्याने ती चण्याला ऐकवायची नसते, आणि पातेल्यातून उडी मारता येत असेल तर आधी मारावी.

मग तुझं पत्र परत वाचलं आणि चहाच्या कपाशी थांबले.

मसनवीच्या दुसऱ्या दफ्तरात मूसा आणि मेंढपाळाची गोष्ट आहे. मूसा रस्त्याने चाललाय, तिकडे एक मेंढपाळ देवाशी बोलतोय: अरे कुठे आहेस तू, ये ना, तुझी पायताणं शिवून देतो, केस विंचरतो, तुझे कपडे धुतो, तुझ्या डोक्यातल्या उवा मारतो, दूध आणून देतो. आणि पुढे तो जे म्हणतो ते फारसीत ऐकायला हवं, 'दस्तकत बूसम बिमालम पायकत', दस्त म्हणजे हात आणि दस्तक म्हणजे चिमुकला हात, पायक म्हणजे इवलासा पाय. तुझे चिमुकले हात चुंबीन, इवलेसे पाय चेपून देईन, झोपायची वेळ झाली की तुझी एवढीशी जागा झाडून ठेवीन. सगळ्या ब्रह्मांडाच्या मालकाला हा असं बोलतोय, तान्ह्या बाळाशी बोलावं तसं!

मूसा भडकतो. तो पैगंबर, त्याला सगळे नियम माहीत. म्हणतो कुणाशी बोलतोयस कळतं का, देवाला का पाय असतात, तोंडात कापूस कोंब. मेंढपाळ बिचारा कपडे फाडतो आणि एक सुस्कारा सोडून रानात निघून जातो. तेवढ्यात मूसाला वरून आवाज येतो: माझ्या माणसाला तू माझ्यापासून तोडलंस. तू जोडायला आला होतास की तोडायला? आणि याच बोलण्यात देव पुढे म्हणतो, हिंदच्या लोकांना हिंदची बोली हीच स्तुती, सिंधच्या लोकांना सिंधची. मी बाहेरचं बोलणं बघत नाही, आतलं बघतो.

मग मूसा रानात धावत जातो, त्याच्या पावलांचा माग काढत, आणि सापडल्यावर म्हणतो, कसली अदब नि कसली रीत शोधू नकोस, तुझ्या तंग झालेल्या काळजाला जे म्हणायचंय ते म्हण.

'घे रे, आज साखर कमी आहे.'

आता कळलं ना मी का थांबले ते? तुझे बाबा मसनवीतलं एक पान रोज सकाळी ओट्यापाशी म्हणत होते आणि त्यांना रूमी कोण हे ठाऊकही नसेल. यात सिद्ध करण्यासारखं काही नाही, भाऊ कितीही लिंका टाकू दे. आणि आत्यांना ही गोष्ट परकी वाटणार नाही, जनाबाईबरोबर दळायला बसणारा, नामदेवाच्या हातचं जेवणारा विठोबा त्यांच्या रोजच्या ओळखीचा आहे.

तर माझं म्हणणं असं, श्राद्धाला ओळ वाचू नकोस, गोष्ट सांग. मराठीत, तुझ्या शब्दांत, कागद न बघता, पाच मिनिटांत होते. आधी बाबांच्या चहाचं सांग, मग मेंढपाळाचं. रूमीचं नाव घे किंवा नको घेऊस, मला विचारशील तर घे, एका वाक्यात, ही मौलाना रूमींची गोष्ट आहे एवढंच. मलमाचं बोलायचं असेल तर ज्यांनी लावलं त्यांची नावं घे, त्यात बहुतेक हा भाऊही निघेल आणि त्याचं तोंड बघण्यासारखं होईल. आणि त्या दिवसाच्या आधी एकदा आत्यांना फोन कर, ग्रुपवर नाही, फोन. त्यांना गोष्ट सांग आणि विचार, बाबा लहानपणी कसे होते, हे चहाचं कधीपासून होतं. त्यांच्याकडे असं काहीतरी असणार जे तुला माहीत नाही. एखादा अभंग त्यांना म्हणू दे शेवटी.

सोडून देऊ का हे सगळं, याचं उत्तर: नको, पण पद्धत बदल. कोट्स वाचू नकोस, गोष्टी वाच, पूर्ण, एका वेळी एकच. मसनवी खरं तर वाचायचं पुस्तक नाहीच, ऐकायचं आहे, गोष्टीत गोष्ट निघत जाते, मधेच तो भरकटतो, मधेच वैतागतो, गप्प बसतो. रविवारी सकाळी एक गोष्ट नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखव, ईएमआयचा हप्ता त्याने बुडत नाही. वॉलपेपर ठेवायचा तर ठेव. टॅटू वगैरे डोक्यात असेल तर मात्र वर्षभर थांब, पत्ता सापडल्याशिवाय कातडीवर काही कोरायचं नाही असा माझा नियम आहे, (अजून काहीच कोरलेलं नाही!).

रात्री दोनचं मात्र मला आवडलेलं नाही. वर्ष होत आलं तरी झोप नीट येत नसेल तर त्यासाठी रूमी पुरे पडणार नाही, मलमाचं त्यानेच सांगितलंय, दुसऱ्याच्या हाताने लावून घ्यायचं. तुझ्या फॅमिली डॉक्टरांना सांग, कुणी समुपदेशक सुचवतील, दोन-चार वेळा जाऊन ये. फोन रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला. उशाशी एक वही ठेव, जाग आलीच तर बाबांचं एखादं वाक्य आठवून लिही, तारखेसकट, कुठे म्हणाले त्याच्यासकट.

आणि हो, त्या दिवशी सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं असेल, चहा मोठ्या पातेल्यात होईल, गडबडीत विसरायला होतं. पहिला कप कोण धरणार ते आईला आदल्या रात्रीच विचारून ठेव. साखर कमी की जास्त, ते चाखून सांगायचं.